माळ्यावरची जुनी टिनची किटली चुलीवर ठेवावी का? कथील, कल्हई आणि शिशाचा विषय समजून घ्या

थंडी पडली की सोशल मीडियावर एक ठरलेला व्हिडिओ फिरायला लागतो. डोंगरावर तंबू, तीन दगडांची चूल आणि त्यावर काळी पडलेली, पोचे आलेली जुनी किटली. किटलीतून वाफाळलेली कॉफी मगमध्ये पडते. खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न, ‘भाऊ, ही किटली कुठं मिळाली?’

उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. जुन्या बाजारात, भंगारवाल्याकडं किंवा आजीच्या घरी माळ्यावर. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर अशी भांडी आजही सापडतात. नळदुर्गला, येडशीच्या रामलिंगला किंवा परांड्याच्या किल्ल्याकडं फिरायला जाणारी पोरं ती उचलतात, घासतात आणि थेट चुलीवर ठेवतात.

पण जे भांडं ६०-७० वर्षं अडगळीत होतं, त्यात आज पाणी उकळून प्यायलं तर चालतं का?

थोडक्यात उत्तर असं. किटली नुसत्या कथलाच्या मुलाम्याची असेल, आतून गंजलेली नसेल आणि तिच्या सांध्यांत शिसं नसेल, तर चालतं. अडचण ही आहे की या तीन अटींमधली शेवटची अट डोळ्यांनी तपासता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

आता सविस्तर बघू.

‘टिन’ म्हणजे नेमका कोणता धातू?

पहिला घोळ शब्दापासूनच आहे. मराठीत आपण घरावरच्या पत्र्यालाही टिन म्हणतो, तेलाच्या डब्यालाही टिन म्हणतो आणि किटलीलाही टिनची किटली म्हणतो. प्रत्यक्षात हे वेगवेगळे धातू आहेत.

खरा टिन म्हणजे कथील. हा पांढरट, मऊ आणि महागडा धातू. नुसत्या कथलाची किटली चुलीवर टिकणारच नाही, कारण कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून ज्याला आपण टिनची किटली म्हणतो, ती असते लोखंडी पत्र्याची. त्या पत्र्यावर कथलाचा पातळ थर दिलेला असतो. बिस्किटाचे जुने डबे याच पत्र्याचे.

घरावरचा पत्रा मात्र वेगळा. त्यावर कथील नसतं, जस्त असतं. पाण्याच्या बादल्या आणि जुन्या कोठ्याही जस्ताच्या. जस्ताच्या भांड्यात चिंच, ताक, लिंबू असं आंबट काही शिजवलं की जस्त अन्नात उतरतं आणि मळमळ, उलट्या सुरू होतात. त्यामुळं जस्ताचं भांडं पाणी भरायला ठीक, स्वयंपाकाला नाही. ओळखायची खूण सोपी आहे. जस्ताच्या पत्र्यावर बऱ्याचदा बर्फाच्या फुलांसारखी करडी नक्षी दिसते. कथलाच्या पत्र्यावर तशी नसते.

तिसरा प्रकार म्हणजे ‘जर्मनची भांडी’. आपल्याकडं ॲल्युमिनियमला जर्मन म्हणायची पद्धत आहे. ही भांडी हलकी असतात आणि त्यांना लोहचुंबक चिकटत नाही. चौथा प्रकार इनॅमलचा, म्हणजे लोखंडावर काचेसारखा रंगीत किंवा पांढरा लेप. कॅम्पिंगच्या फोटोंमध्ये दिसणारी निळी ठिपक्यांची किटली बहुतेक वेळा इनॅमलची असते, टिनची नसतेच. आणि पाचवा प्रकार म्हणजे तांब्या-पितळेची, आतून कल्हई केलेली किटली.

म्हणजे ‘टिनची किटली’ हातात आली की आधी ती यातली कोणती, हे ठरवावं लागतं. कारण प्रत्येकीचे नियम वेगळे.

धाराशिव आणि कथील, ओळख दोन हजार वर्षांची

कथील हा काही महाराष्ट्रात खणून निघणारा धातू नाही. तो कायम बाहेरूनच आला. आणि त्याच्या प्रवासाच्या सर्वात जुन्या नोंदींपैकी एका नोंदीत धाराशिव जिल्ह्यातलं एक गाव आहे.

ते गाव म्हणजे तेरणा नदीकाठचं तेर. याचं प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ नावाची समुद्री व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली. त्यात पैठण आणि तगर या दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असं तो सांगतो. इथलं कापड गाड्यांमधून भडोच बंदरात जायचं. त्याच भडोच बंदरात परदेशातून काय काय उतरायचं याची यादीही त्यानं दिली आहे. त्यात तांबं, कथील आणि शिसं ही तिन्ही नावं आहेत.

या तिन्ही धातूंची सरमिसळ सातवाहनांच्या नाण्यांतही दिसते. त्यांची कित्येक नाणी शिशाची होती, तर काही पोटीनची. पोटीन म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांचं मिश्रण. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळातल्या वस्तू आजही बघता येतात. स्वयंपाकघरात मात्र तेव्हा आणि नंतरही बराच काळ मातीच्या भांड्यांचंच राज्य होतं. मडकी घडवणाऱ्या संत गोरोबा काकांचं गावही तेरच.

धातूच्या किटलीचा आणि तंबूचा संबंध आला तो बराच नंतर, इंग्रज अधिकाऱ्यांमुळं. १८५३ च्या तहानंतर निजामाचा नळदुर्ग जिल्हा काही वर्षं इंग्रजांच्या कारभाराखाली आला. तिथला कारभार बघायला आलेला अधिकारी म्हणजे कॅप्टन फिलिप मेडोज टेलर, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक. १८६० मध्ये हा भाग पुन्हा निजामाकडं गेला.

त्या काळात जिल्ह्याचा अधिकारी म्हणजे थंडीचे महिने घोड्यावर आणि तंबूत. मुक्काम हलला की बावर्ची, भांडी, चूल सगळं हलायचं. हा प्रकार इतका रुळलेला होता की १८७८ मध्ये आलेल्या ‘कलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास’ या पाककृतींच्या पुस्तकात कॅम्पवरच्या स्वयंपाकावर स्वतंत्र प्रकरण आहे. हलकं, न फुटणारं, घोड्या-बैलावर लादता येणारं भांडं ही तेव्हाची गरज होती आणि कथलाच्या पत्र्याची किटली त्यात बरोबर बसत होती.

पुढं हा पत्रा भारतातच बनू लागला. १९२० मध्ये जमशेदपूरला टिनप्लेट कंपनी ऑफ इंडियाची स्थापना झाली. तिच्या पत्र्याचं मोठं गिऱ्हाईक होतं रॉकेलचा डबा. रॉकेल संपलं की डबा फेकायचा नाही, ही आपली रीत. तो कापून त्यातून चिमणी, गाळणं, धान्याचं माप, डबे आणि किटल्याही बनायच्या. गावोगावचे पत्र्याचं काम करणारे कारागीर हेच करायचे. म्हणून माळ्यावरची किटली विलायती कारखान्यातलीच असेल असं नाही. ती तालुक्याच्या बाजारात डब्याच्या पत्र्यातून जोडलेलीही असू शकते.

आणि नेमका इथं शिशाचा प्रश्न येतो.

किटलीचा कच्चा दुवा म्हणजे तिचा सांधा

पत्र्याची किटली एका तुकड्यात बनत नाही. अंगाचा पत्रा गोल वळवून जोडतात, बूड वेगळं बसवतात, तोटी वेगळी, कडी वेगळी. हे सगळे सांधे डाग देऊन बंद करावे लागतात. डाग म्हणजे सोल्डर.

जुन्या काळी हे सोल्डर कथील आणि शिसं मिसळून बनवायचे. कारण साधं आहे. कथील महाग, शिसं स्वस्त. शिवाय दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले की मिश्रण अवघ्या १८३ अंशांना वितळतं. म्हणजे नुसत्या कथलापेक्षाही लवकर. कारागिराला काम सोपं.

पण मग तेच शिसं उकळत्या पाण्याच्या, चहाच्या, कॉफीच्या संपर्कात येतं. चहा-कॉफी सौम्य आम्ल असतात. त्यात लिंबू पिळलं तर आम्लता आणखी वाढते. पाणी जितकं गरम, जितकं आंबट आणि जितका वेळ भांड्यात राहील, तितकं शिसं जास्त उतरतं. त्याला चव नाही, रंग नाही, वास नाही.

जगानं हे उशिरा मान्य केलं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या नळजोडणीत शिशाच्या सोल्डरवर १९८६ मध्ये बंदी आली. खाद्यपदार्थांच्या डब्यांमध्ये अशा सोल्डरवर बंदी यायला १९९५ उजाडलं. म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही जोडीव किटलीकडं संशयानंच बघावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. सर्वाधिक धोका लहान मुलांना. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या तुलनेत चार ते पाच पट जास्त शिसं मुलांचं शरीर शोषून घेतं. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर, शिकण्यावर, वागण्यावर होतो आणि तो भरून निघत नाही. गरोदरपणात ते बाळापर्यंत पोचतं.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेनं २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगातल्या जवळपास ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाची पातळी काळजी करावी इतकी, म्हणजे प्रति डेसिलीटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली. याला बॅटऱ्यांचं भंगार, रंग, मसाल्यातली भेसळ अशी अनेक कारणं आहेत. भांडी हे त्यातलं एक.

कथलाचं मात्र तसं नाही. ते पोटात गेलं तरी फारसं शोषलं जात नाही. खूप जास्त प्रमाणात गेलं तर पोट बिघडतं. डबाबंद पेयांत किलोमागे १५० मिलिग्रॅम आणि डबाबंद अन्नात २५० मिलिग्रॅमपर्यंत कथील आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांना चालतं. म्हणजे किटलीच्या कथलाची भीती बाळगायची गरज नाही. भीती आहे ती कथलासोबत लपून आलेल्या शिशाची.

पाणी आहे तोवर किटली वाचते

आता एक प्रश्न. चुलीतल्या लाकडाची आच सहज ६०० अंशांच्या वर जाते. कथील २३२ ला वितळतं. मग किटली चुलीवर ठेवल्या ठेवल्या वितळत का नाही?

कारण आतलं पाणी. पाणी १०० अंशांना उकळतं. बालाघाटच्या डोंगररांगेवर, म्हणजे धाराशिव शहराच्या उंचीवर, ते दोनेक अंश आधीच उकळतं. जोपर्यंत आत पाणी आहे, तोपर्यंत पत्र्याची उष्णता पाणी ओढून घेतं आणि पत्रा त्याच्या आसपासच राहतो.

पाणी आटलं की हे संरक्षण संपतं. काही मिनिटांत पत्रा तापतो. आधी १८३ अंशांना सांध्यातलं सोल्डर सुटतं, मग २३२ ला कथलाचा थर विरघळून गोळे होतात. म्हणून जुन्या किटल्यांची तोटी गळून पडलेली दिसते. ती आपटून तुटलेली असेलच असं नाही, बऱ्याचदा कोरडी तापून सुटलेली असते. तोटीचा सांधा वरच्या बाजूला असतो. पाणी त्याच्या खाली गेलं आणि ज्वाळा बाजूनं वर आली, तर किटलीत पाणी असूनही तो सांधा सुटू शकतो.

यातून दोन नियम निघतात. किटली कोरडी तापवायची नाही. आणि भडकत्या ज्वाळेवर न ठेवता निखाऱ्यांवर ठेवायची.

आणखी एक गोष्ट. जस्त लोखंडाला ओरखडा आला तरी वाचवतं, कथील वाचवत नाही. उलट ओरखडा पडला की उघडं पडलेलं लोखंड जास्त वेगानं गंजतं. त्यामुळं टिनची किटली तारेच्या घासणीनं चकाचक करणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं. राख किंवा मऊ काथ्यानं हलक्या हातानं घासणं बरं.

कल्हई केली की प्रश्न सुटतो का?

तांब्या-पितळेच्या किटलीला कल्हई हा जुना आणि खरा उपाय आहे. पितळेच्या उघड्या भांड्यात ताक, आमटी ठेवली की ती कळकते, हिरवट होते, खाल्लं की मळमळतं. तो तांब्याचा परिणाम. कल्हई म्हणजे मधे कथलाचा पडदा.

कल्हईवाला भांडं आधी घासून स्वच्छ करतो, भट्टीवर तापवतो, भाता मारत राहतो. भांडं पुरेसं तापलं की आत नवसागर टाकतो. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. पांढऱ्या धुराचे लोट येतात ते यामुळंच. हे आम्ल धातूवरचा काळपट थर खाऊन टाकतं. मग कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं झटपट पसरवायची. शेवटी भांडं पाण्यात बुडवलं की चुर्र आवाज येतो आणि आतून आरशासारखं दिसतं.

हे घरात करायचं काम नाही. तो धूर श्वासाला घातक असतो.

कायद्यालाही कल्हईचं महत्त्व कळलेलं आहे. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या पॅकेजिंगविषयक नियमांत नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी, गंजलेली भांडी आणि टवके उडून गंज चढलेली इनॅमलची भांडी वापरली तर त्यातलं अन्न खाण्यास अयोग्य मानलं होतं. म्हणजे फोटोत भारी दिसणारा गंज नियमाच्या लेखी थेट बाद.

पण कल्हईतही मेख आहे. कथील शिशापेक्षा दहा पटींहून जास्त महाग आहे. त्यामुळं कथलात शिसं मिसळण्याचा मोह जुनाच. म्हणून कल्हई करून घेताना शुद्ध कथील वापरायला सांगणं आणि ओळखीच्या कारागिराकडं जाणं महत्त्वाचं. आणि पत्र्याच्या किटलीचा सांधा मुळातच शिशाचा असेल, तर वरून कल्हई करून ते शिसं नाहीसं होत नाही. तापवताना तो सांधाच आधी सुटतो.

ज्यांच्यासाठी कॅम्प ही हौस नाही

धाराशिवमध्ये उघड्यावरचा स्वयंपाक हा फक्त सहलीचा विषय नाही. कळंब, वाशी, भूम, परांडा या भागातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगारांच्या गाड्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडात त्यांचं बिऱ्हाड उन्हाळा लागेपर्यंत असतं. कोपीसमोर तीन दगड, इंधनाला पाचट आणि सरपण, पहाटे अंधारात कोरा चहा आणि भाकरी. लेकरंही सोबतच.

इथं जुन्या कथलाच्या किटलीची जागा जर्मनच्या आणि स्टीलच्या भांड्यांनी घेऊन बराच काळ झाला. पण शिशाचा प्रश्न जर्मनच्या भांड्यांनाही सुटलेला नाही. भंगारातून गाळलेल्या ॲल्युमिनियममध्ये बॅटरीचे, इंजिनचे, वायरचे तुकडे मिसळले गेले तर भांड्यात शिसं येतं. आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात अशा भांड्यांच्या अभ्यासात हे दिसलं आहे. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानंही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंदालियमच्या काही आयात भांड्यांमधून शिसं उतरत असल्याचा इशारा दिला.

हौसेखातर वर्षातून दोनदा जुन्या किटलीतून कॉफी पिणाऱ्याचा धोका आणि रोज तीन वेळा त्याच भांड्यात शिजवून लेकराला भरवणाऱ्या आईचा धोका एकसारखा नाही. भांडं विकत घेताना आयएसआय खूण बघणं, वजनावर विकली जाणारी बिननावाची ओतीव भांडी टाळणं आणि चहा-आमटीसाठी शक्य तिथं स्टील वापरणं, हा सल्ला खरं तर या घरांसाठी जास्त मोलाचा आहे.

घरची किटली कशी तपासायची?

• लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंडी पत्रा, म्हणजे टिन, जस्त किंवा इनॅमल. नाही चिकटला तर जर्मन, पितळ किंवा तांबं.

• पत्र्यावर फुलांसारखी करडी नक्षी असेल तर जस्त समजा आणि स्वयंपाकातून बाद करा.

• आत बॅटरी मारून बघा. लाल गंज, काळे खड्डे किंवा सुटलेला थर दिसला तर किटली शोभेची.

• सांधे बघा. तोटीच्या मुळाशी, बुडाला आणि उभ्या जोडावर करड्या रंगाची ओघळलेली रेघ असेल तर ते सोल्डर. किटली जुनी असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चला.

• इनॅमलच्या किटलीत आतून टवका उडालेला असेल तर वापरू नका. आतून लाल, केशरी, पिवळा असा भडक रंग असलेली जुनी भांडी टाळलेलीच बरी, त्या रंगांत कॅडमियम असू शकतं.

• ऑनलाइन मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या काड्यांवर पूर्ण भरवसा ठेवू नका. खात्रीचा निकाल हवा असेल तर धातूची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत एक्सआरएफ यंत्रावर तपासणी करता येते. भांडं न तोडता होते.

• संशयास्पद भांडं घरात लहान मुलांसाठी रोज वापरात असेल, तर ते बंद करा आणि डॉक्टरांना विचारून मुलांच्या रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.

मग कॅम्पवर कॉफी कशी करायची?

स्टीलची किटली घ्या. तोटी आणि अंग वेल्डिंगनं जोडलेलं असतं, त्यामुळं सोल्डरचा प्रश्न येत नाही. धुरानं काळी होईल, होऊ द्या. निघण्याआधी बाहेरून ओल्या मातीचा किंवा साबणाचा हात फिरवला तर काजळी पटकन निघते.

पाणी उकळा, किटली खाली उतरवा, कपाला दोन चमचे या हिशेबानं जाडसर कॉफी पूड टाका आणि चार मिनिटं झाकून ठेवा. मग वरून घोटभर गार पाणी शिंपडा, चोथा खाली बसतो. गाळण्याची गरज पडत नाही. दूध वेगळ्या पातेल्यात तापवा, किटलीत दूध बुडाला लागतं आणि तोटीतली साय धुता धुवत नाही. वरून चिमूटभर जायफळ किसलं की आपल्या घरची कॉफी तयार.

चूल कुठं पेटवायची हेही बघा. येडशी रामलिंग घाट हे अभयारण्य आहे. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीनं आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. किल्ल्यांच्या तटाला टेकून चुली मांडणं तर कुठंच नको. दगड कायमचे काळे होतात.

आणि आजीची ती किटली? ती भंगारात द्यायचीही गरज नाही. पुसून, कोरडी करून, आतून खोबरेल तेलाचा हलका हात देऊन फळीवर ठेवा. फोटोत तिला निखाऱ्याशेजारी ठेवायलाही हरकत नाही. प्यायची कॉफी तेवढी स्टीलच्या किटलीतून ओता.